डेटाबेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे एसईओ : कोणत्या प्रश्नाला पत्ता द्यायचा?

मराठी पुस्तके विकणारे मध्यम आकाराचे एक संकेतस्थळ उदाहरणासाठी घेऊ. त्याच्या डेटाबेसमध्ये आठ हजार पुस्तकांच्या नोंदी आहेत. संकेतस्थळावर पाने किती, असे विचारले तर मालक ‘आठ हजार आणि वर थोडी’ असे सांगेल. गूगलच्या क्रॉलरला (पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) मात्र तिथे लाखो पाने दिसू शकतात. ‘कादंबरी’ या एकाच विभागात प्रकाशकाचे ४०, लेखकाचे ६०, किंमतगटाचे ५ आणि भाषेचे ३ पर्याय असलेले चार फिल्टर आहेत, आणि यादी लावण्याच्या ४ पद्धती आहेत असे समजा. प्रत्येक फिल्टर लावलेला नसण्याची शक्यताही धरली, तर ४१ × ६१ × ६ × ४ × ४ असा गुणाकार होऊन २,४०,०९६ निरनिराळे पत्ते तयार होतात. फिल्टर ज्या क्रमाने निवडले त्याच क्रमाने ते पत्त्यात (यूआरएलमध्ये) जोडले जात असतील, तर हा आकडा आणखी कितीतरी पटींनी वाढतो. यातल्या बहुतेक पत्त्यांवर तीच दहा-वीस पुस्तके वेगळ्या क्रमाने मांडलेली असतात, किंवा ‘एकही पुस्तक सापडले नाही’ एवढेच वाक्य असते.

हाताने लिहिलेल्या संकेतस्थळावर प्रत्येक पान कोणीतरी विचार करून तयार केलेले असते. डेटाबेसवर चालणाऱ्या संकेतस्थळावरचे पान हे डेटाबेसला विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर असते, आणि विचारता येतील अशा प्रश्नांना अंत नसतो. म्हणून अशा संकेतस्थळाच्या एसईओचे (शोधनिकालांत नीट दिसण्यासाठी करायच्या कामांचे) पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे कोणत्या प्रश्नाला कायमचा, जगाला दाखवण्याजोगा पत्ता द्यायचा आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर फक्त समोर बसलेल्या वाचकापुरते ठेवायचे, याचा निर्णय घेणे. शीर्षके, वर्णने, साइटमॅप (क्रॉलरसाठी पत्त्यांची यादी), वेग या गोष्टी त्यानंतर येतात. हा निर्णय न घेता त्यांच्यावर केलेली मेहनत बरीचशी वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कागदावर पानांचे प्रकार ठरवा

कोड उघडण्यापूर्वी एक कागद घ्या आणि संकेतस्थळावरील पानांचे प्रकार लिहून काढा : पुस्तकाचे पान, लेखकाचे पान, प्रकाशकाचे पान, साहित्यप्रकाराचे पान, आणि ‘अनुवादित कादंबऱ्या’ यासारखी जोडप्रकाराची पाने. प्रत्येक प्रकारासमोर तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. हे पान शोधत कोणी गूगलवर येईल का? त्या पानावर वाचण्यासारखे पुरेसे काही असेल का? सहा महिन्यांनी तेच पान त्याच पत्त्यावर असेल का? ‘अनुवादित कादंबऱ्या’ या पानाला तिन्ही उत्तरे होकारार्थी मिळतात. ‘दोनशे ते तीनशे रुपयांच्या कादंबऱ्या, महाग ते स्वस्त’ हे पान विकत घेणाऱ्याच्या सोयीचे आहे, पण ते कोणी शोधत येणार नाही आणि त्यातील पुस्तके रोज बदलतील. पहिल्या पानाला स्वतःचा पत्ता, स्वतःचे शीर्षक आणि दोन परिच्छेदांची प्रस्तावना द्या, आणि दुसरे पान फिल्टर म्हणूनच राहू द्या.

याच टप्प्यावर आणखी एक चूक टाळायला हवी. डेटाबेसमधील एक ओळ म्हणजे एक पान, असे समीकरण प्रोग्रामरच्या मनात नकळत बसलेले असते. पुस्तकांच्या बाबतीत ते ठळकपणे चुकते. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) तेरा अंकी झाला आणि भारतातील पुस्तकांचे क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. हा क्रमांक कृतीला मिळत नाही, तिच्या विशिष्ट रूपाला मिळतो. पुठ्ठाबांधणीला एक, साध्या बांधणीला दुसरा, ई-पुस्तकाला तिसरा. आयएसबीएन हीच मुख्य किल्ली मानून पाने तयार केली, तर एकाच कादंबरीची तीन-चार पाने होतात. त्यांवरचा मजकूर अक्षरशः सारखा असतो, आणि बाहेरून येणारे दुवे त्यांच्यात विभागले जातात. यावरचा उपाय डेटाबेसच्या रचनेतच करावा लागतो. ‘कृती’ आणि ‘आवृत्ती’ ही दोन टेबले वेगळी ठेवावीत, पान कृतीचे असावे आणि त्या पानावर आवृत्त्यांची निवड द्यावी. कपड्यांच्या दुकानात हाच प्रश्न रंग आणि मापांच्या रूपाने येतो, तर नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर एकच जागा अनेक शहरांत जाहीर झाल्याने येतो.

पत्ता कसा असावा

पुस्तकाच्या पानाचा पत्ता क्रमांक आणि नाव या दोहोंनी मिळून बनवणे सर्वांत टिकाऊ ठरते : आधी विभाग, मग नोंदीचा क्रमांक, मग आडव्या रेघांनी जोडलेले नाव. सर्व्हरने नोंद क्रमांकावरून शोधावी, म्हणजे नाव पुढे सुधारले तरी जुना दुवा तुटत नाही. मात्र इथे एक दार उघडे राहते. क्रमांक बरोबर आणि नाव चुकीचे असलेल्या कोणत्याही पत्त्यावर सर्व्हर तेच पान २०० या (‘पान मिळाले’ सांगणाऱ्या) संकेतासह देत असेल, तर एका पुस्तकाचे अगणित पत्ते वैध ठरतात. म्हणून आलेल्या पत्त्यातील नाव डेटाबेसमधील सध्याच्या नावाशी ताडून पाहावे, आणि फरक असल्यास ३०१ (‘कायमचे हलवले’) या संकेताने योग्य पत्त्याकडे पाठवावे. केवळ नावावरच पत्ता चालवायचा असेल, तर जुनी नावे जपणारे वेगळे टेबल ठेवावे लागते. ज्यांनी ते ठेवले नाही त्यांना शीर्षकातील एक वेलांटी दुरुस्त करतानाही वर्षानुवर्षांचे दुवे गमवावे लागतात.

पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमन लिपीत, हा मराठी संकेतस्थळांसाठी खरा प्रश्न आहे. गूगल दोन्ही व्यवस्थित वाचते. अडचण पत्ता पाठवताना येते. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात ते टक्केचिन्हांच्या रूपात गेले की एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. ‘पुस्तक’ या शब्दात प, उकार, स, हलन्त, त आणि क अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे चोपन्न अक्षरे. असा दुवा कोणी ईमेलमध्ये चिकटवला की तो दोन-तीन ओळी खातो आणि मध्येच तुटण्याची शक्यता वाढते. बातम्या किंवा लेख असतील तर मी देवनागरी पत्ता पसंत करीन. ज्या पुस्तकांचे दुवे सतत एकमेकांना पाठवले जातात, त्यांच्यासाठी क्रमांक आणि रोमन नाव हाच पर्याय मला अधिक व्यवहार्य वाटतो. एकदा जे ठरवाल ते बदलू नका, हे मात्र दोन्हींना लागू आहे.

देवनागरी पत्ता निवडणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. पहिली गोष्ट, शीर्षकापासून पत्ता बनवणारे तयार फंक्शन काना-मात्रा खाऊन टाकत नाही ना, हे पाहणे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातील नमुने शोधण्याच्या सोयीत) ‘शब्दातील अक्षर’ या गटात काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त बसत नाहीत. त्यावर आधारलेल्या फंक्शनमधून ‘पुस्तक’ हा शब्द ‘पसतक’ होऊन बाहेर पडतो. दुसरी गोष्ट आपल्या ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ची. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवलेला आढळतो : एकात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह असते, तर दुसऱ्यात खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे त्यांचे पत्तेही वेगळे होतात. तिसरी गोष्ट ‘ॲ’ची. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये (सर्व लिपींच्या चिन्हांच्या संगणकीय प्रमाणात) २००८ साली आले. त्यापूर्वीचा आणि अनेक कळफलकांवरचा आजचाही मजकूर अ आणि अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला असतो. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण यांपैकी कोणताच फरक मिटवत नाही. म्हणून नोंद साठवतानाच एक रूप निवडून बाकीची रूपे त्यात बदलणारे छोटे फंक्शन लिहावे, ते जुन्या नोंदींवर एकदा चालवावे, आणि संकेतस्थळावरच्या शोधपेटीत वाचकाने टाकलेल्या शब्दांवरही तेच लावावे.

नको असलेली दारे बंद करताना

इथे तीन साधने आहेत, आणि त्यांची सरमिसळ करण्यामुळे जितके नुकसान होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. रोबोट्स फाइल क्रॉलरला ‘या पत्त्यावर येऊ नकोस’ असे सांगते. नोइंडेक्स ही खूण ‘येऊन वाच, पण निकालांत दाखवू नकोस’ असे सांगते. कॅनॉनिकल हा टॅग गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये एकत्रितपणे आणला. ‘हे पान अमुक पानाची प्रत आहे, श्रेय त्याला दे’ अशी विनंती तो करतो. ती विनंतीच आहे, आज्ञा नव्हे. दोन पानांचा मजकूर फारच वेगळा असेल, तर गूगल ती बाजूला ठेवते.

सर्वांत सामान्य चूक अशी : पानावर नोइंडेक्स लावायचे आणि त्याच वेळी रोबोट्स फाइलमध्ये ते पान अडवायचे. क्रॉलर आतच आला नाही तर त्याला नोइंडेक्स दिसणार कसे? मग बाहेरच्या दुव्यांवरून गूगलला तो पत्ता कळलेला असतो आणि मजकूर न वाचताही तो निकालांत येऊ शकतो. रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्स लिहिण्याची एक अनधिकृत पद्धत पूर्वी चालत असे. १ सप्टेंबर २०१९ पासून गूगलने ती मान्य करणे थांबवले आहे.

मी वापरतो ती वाटणी अशी आहे. यादीचा क्रम बदलणारे आणि जाहिरातीचा मागोवा ठेवणारे पॅरामीटर (पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणारी जोडमाहिती) असलेल्या पानांवर मूळ पानाकडे दाखवणारे कॅनॉनिकल ठेवावे. एकापेक्षा जास्त फिल्टर एकत्र लागल्याने तयार होणारे पत्ते रोबोट्स फाइलमध्ये अडवावेत. ते फिल्टर दुव्यांऐवजी फॉर्मच्या बटणांवर चालवता आले तर अधिक चांगले, कारण क्रॉलर दुव्यांवरून चालतो, बटणे दाबत नाही. मोठे संकेतस्थळ नसेल तर यापलीकडे फार सूक्ष्म रचना करण्याची गरज पडत नाही. क्रॉल बजेटची (क्रॉलर एका संकेतस्थळासाठी जेवढा वेळ देतो त्याची) चिंता दहा लाखांहून अधिक पाने असलेल्यांनी, किंवा दहा हजारांहून अधिक पाने असून ती रोज बदलणाऱ्यांनी करावी, असे गूगलचे मार्गदर्शन सांगते. आपले आठ हजार पुस्तकांचे दुकान त्या वर्गात बसत नाही. मात्र वर पाहिलेला गुणाकार मोकळा सोडला, तर ते दुकान स्वतःहून त्या वर्गात जाऊन बसते. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) कोणत्या पॅरामीटरकडे दुर्लक्ष करावे हे सांगण्याची सोय होती. ती २०२२ मध्ये बंद झाल्यामुळे हे सगळे आता संकेतस्थळाच्या बाजूनेच करावे लागते.

पॅरामीटरांचा क्रम सर्व्हरवर निश्चित करावा, रिकामे पॅरामीटर काढून टाकावेत, आणि सत्राचा क्रमांक (एका वाचकाच्या एका भेटीची ओळख) पत्त्यात कधीही येऊ देऊ नये. क्रॉलर एका भेटीतील कुकी पुढच्या भेटीत आणत नाही, त्यामुळे सत्राचा क्रमांक पत्त्यातून फिरत असेल तर प्रत्येक भेटीत त्याला संपूर्ण संकेतस्थळ नव्या पत्त्यांवर भेटते.

संकेतस्थळाच्या आतील शोधपेटीच्या निकालांची पाने स्वतंत्रपणे सांभाळावीत, कारण त्यांचा दुरुपयोग होतो. या पानांच्या शीर्षकात शोधलेला शब्द जसाच्या तसा छापला जात असेल, तर लबाड लोक जुगार किंवा औषधांच्या जाहिरातीचा मजकूर शोधशब्द म्हणून घालून तयार झालेल्या पत्त्यांना इतर ठिकाणांहून दुवे देतात, आणि काही आठवड्यांत आपल्या नावाखाली त्या जाहिराती गूगलमध्ये दिसू लागतात. या पानांवर पहिल्या दिवसापासून नोइंडेक्स असावे.

शेवटच्या पुस्तकापर्यंत वाट हवी

दारे बंद केल्यावर उरलेल्या प्रत्येक पानापर्यंत साध्या दुव्यांनी पोहोचता येते ना, हे पाहावे. केवळ शोधपेटीतून सापडणारे पुस्तक क्रॉलरसाठी अस्तित्वातच नसते. खाली सरकवत गेल्यावर आपोआप वाढणारी यादी मोबाइलवर छान वाटते, पण क्रॉलर वाचकासारखा खाली सरकवत जात नाही. म्हणून त्या यादीच्या मागे पान दोन, पान तीन असे स्वतंत्र पत्ते आणि त्यांचे खरे दुवे असलेच पाहिजेत. अशा प्रत्येक पानाचे कॅनॉनिकल त्याच्या स्वतःकडे असावे. सगळ्यांचे कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवले, तर मागच्या पानांवरील पुस्तके गूगलच्या दृष्टीने हरवतात. मागील आणि पुढील पान दर्शवणाऱ्या टॅगांचा इंडेक्सिंगसाठी (पाने शोधयादीत घेण्यासाठी) उपयोग करत नसल्याचे गूगलने २०१९ मध्ये जाहीर केले. ते ठेवण्यात तोटा नाही, पण त्यांच्यावर विसंबू नये.

साइटमॅप डेटाबेसमधूनच तयार करावा, आणि त्यात फक्त २०० संकेत देणारे, इंडेक्स व्हावेत असे वाटणारे, कॅनॉनिकल पत्तेच असावेत. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि कॉम्प्रेस न केलेल्या स्थितीत ५० एमबी ही मर्यादा आहे. मर्यादा गाठली नसली तरी पुस्तके, लेखक आणि विभाग यांच्या फाइली वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे कोणत्या प्रकारची पाने गूगल स्वीकारत नाही हे सर्च कन्सोलमध्ये प्रकारवार दिसते. साइटमॅपमधील प्राधान्य आणि बदलाची वारंवारता या रकान्यांकडे गूगल लक्ष देत नाही. शेवटच्या बदलाच्या तारखेकडे मात्र देते, आणि तेही ती तारीख सातत्याने खरी असेल तरच. इथे डेटाबेसवाल्यांची नेमकी फसगत होते. टेबलातील बदलाचा रकाना साठ्यातील एक प्रत विकली गेली तरी आपोआप पुढे सरकतो, आणि मग रोज आठ हजार पाने ‘आज बदललेली’ दिसतात. मजकूर, किंमत किंवा मुखपृष्ठ बदलले तरच सरकेल असा तारखेचा वेगळा रकाना ठेवावा. बिंग आणि यांडेक्स यांनी २०२१ मध्ये आणलेली इंडेक्सनाऊ ही पद्धत वापरायची असेल, तर नोंद बदलताच शोधयंत्रांना सूचना पाठवण्याचे कामही याच रकान्यावर बेतता येते.

सर्व्हरने खरे बोलावे

सापडले नाही तर ४०४, कायमचे काढले तर ४१०, हलवले तर ३०१, तात्पुरते बंद असेल तर ५०३. हे नियम सर्वांना पाठ असतात, पण डेटाबेसवरील संकेतस्थळे ते सहज मोडतात, कारण टेम्प्लेटला (पानाच्या तयार साच्याला) नोंद मिळो वा न मिळो, पान तर तयार होतेच. एका ओळखीच्या संकेतस्थळाचा डेटाबेस रात्री बॅकअपच्या वेळी जोडणी नाकारत असे, आणि सर्व्हर ‘जोडणी होऊ शकली नाही’ हे वाक्य २०० संकेतासह प्रत्येक पानावर देत असे. दिवसा सगळे सुरळीत असल्यामुळे कोणाच्याही लक्षात आले नाही. गूगलच्या निकालांत पुस्तकांच्या वर्णनाऐवजी तेच वाक्य दिसू लागल्यावर कारण शोधले गेले. डेटाबेस हाकेला ओ देत नसेल तेव्हा कोडने ५०३ पाठवलाच पाहिजे. क्रॉलर तो पाहून मागे फिरतो आणि नंतर पुन्हा येतो. मात्र ५०३ सलग अनेक दिवस राहिला, तर पाने गळू लागतात.

छपाई संपलेल्या पुस्तकाचे पान काढून टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मराठीत अनेक पुस्तके वर्षानुवर्षे उपलब्ध नसतात आणि वाचक त्यांचा शोध घेत राहतात. पान ठेवावे, ‘सध्या उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहावे, त्याच लेखकाची मिळू शकणारी पुस्तके दाखवावीत आणि पुस्तक पुन्हा आल्यावर कळवण्याची सोय द्यावी. अशी सगळी पाने संकेतस्थळाच्या पहिल्या पानाकडे वळवण्याची पद्धत वाचकाला गोंधळात टाकते, आणि गूगलही अशा वळणाला बहुधा ४०४ सारखेच मानते. एकही पुस्तक नसलेल्या विभागाचे पान मात्र तयारच होऊ देऊ नये.

टेम्प्लेट आणि मराठीचे व्याकरण

इंग्रजीत रिकाम्या जागी शहराचे नाव घातले की शीर्षक तयार होते. मराठीत असे केल्यास ‘पुणेतील विक्रेते’, ‘साताराचे वाचक’, ‘गोवामधील दुकाने’ अशी रूपे जन्माला येतात, आणि आपले पान यंत्राने बनवले आहे हे वाचकाला शोधनिकालातच कळते. तो त्या दुव्यावर जात नाही. पुणे या नावाचे पुण्यातील, ठाण्याचे ठाण्यातील, साताऱ्याचे साताऱ्यातील, गोव्याचे गोव्यातील असे होते. कोल्हापूर आणि नागपूर यांचा दीर्घ उकार प्रत्यय लागताच ऱ्हस्व होऊन कोल्हापुरातील, नागपुरातील असे होते. यासाठी नियम लिहीत बसण्यापेक्षा शहरांच्या टेबलात सामान्यरूपाचा एक रकाना वाढवून तो हाताने भरणे सोपे आणि बिनचूक असते. महाराष्ट्रात जिल्हे ३६ आहेत, तालुके धरले तरी काम काही दिवसांचेच आहे.

साहित्यप्रकारांच्या टेबलात लिंग आणि अनेकवचन यांचे रकाने हवेत : नवी कादंबरी, नवा कथासंग्रह, नवे नाटक, आणि अनेकवचनात नव्या कादंबऱ्या, नवे कथासंग्रह, नवी नाटके. माणसांच्या नावांपुढे ‘यांची’ किंवा ‘यांचे’ लावले की सामान्यरूपाचा प्रश्नही सुटतो आणि आदरही राखला जातो. संख्येपुढचा शब्दही तपासावा, कारण ‘१ पुस्तके’ हे शीर्षक आजही अनेक ठिकाणी दिसते.

मराठी वाचक एकच नाव कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत टाइप करून शोधतो, आणि रोमन लिपीतही दोघांचे स्पेलिंग जुळेलच असे नाही. डेटाबेसमध्ये पुस्तकाच्या आणि लेखकाच्या नावांची रोमन रूपे ठेवावीत आणि ती पुस्तकाच्या तपशिलांत उघडपणे दाखवावीत. पार्श्वभूमीच्या रंगात लपवलेला मजकूर गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. संपूर्ण पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलच्या भाषादर्शक गुणधर्मात सांगावे, म्हणजे ब्राउझर आणि वाचन करून दाखवणारी साधने ते पान हिंदी समजणार नाहीत.

प्रकाशकाने पाठवलेला मागील पृष्ठावरचा मजकूर प्रत्येक दुकान जसाच्या तसा वापरते. आठ हजार पुस्तकांसाठी नवा मजकूर लिहिणे शक्य नसते हे खरे, पण सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दोनशे पुस्तकांसाठी ते शक्य असते, आणि उरलेल्यांसाठी आपल्या डेटाबेसमध्ये इतरांकडे नसलेली माहिती बहुधा असतेच : पहिल्या आवृत्तीचे वर्ष, पृष्ठसंख्या, अनुक्रमणिका, मूळ भाषा, अनुवादक. ही माहिती रकान्यांत पडून असते आणि टेम्प्लेट ती दाखवत नाही. ती पानावर आणण्याइतका स्वस्त आणि प्रामाणिक उपाय दुसरा नाही.

यंत्रासाठीची नोंद, आणि आकडे

पानावरची माहिती यंत्रांना समजेल अशी मांडण्यासाठीचा स्कीमा डॉट ऑर्ग हा शब्दसंग्रह गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये सुरू केला. पुस्तक, विक्रीचा प्रस्ताव, लेखक आणि विभागांची उतरंड यांची माहिती त्यातील प्रकारांनुसार जेसन-एलडीच्या स्वरूपात द्यावी, आणि ती ज्या नोंदीवरून पान बनते त्याच नोंदीवरून बनवावी, म्हणजे पानावर एक किंमत आणि यंत्रासाठी दुसरी असे होणार नाही. पानावर किंमत देवनागरी अंकांत दाखवायला काहीच हरकत नाही, पण या यंत्रवाच्य नोंदीत 0 ते 9 हेच अंक हवेत. संख्यांसाठी हेच अंक वापरावेत, असे त्या शब्दसंग्रहाचे सांगणे आहे. डेटाबेसमध्येही किंमत आणि आयएसबीएन याच अंकांत साठवावेत आणि देवनागरी रूप पान दाखवताना द्यावे.

वेग : क्रॉलर जिथे जातो तिथे माणसे जात नाहीत

गूगलबॉट २०१९ पासून क्रोमच्या ताज्या इंजिनावर जावास्क्रिप्ट चालवतो, पण सगळेच क्रॉलर ती चालवतात असे नाही, आणि गूगलकडेही ते काम पान मिळाल्यानंतरच्या वेगळ्या रांगेत होते. पुस्तकाचे नाव, वर्णन, किंमत आणि दुवे सर्व्हरवरूनच तयार होऊन यावेत. पान ब्राउझरमध्ये आल्यावर नोइंडेक्स काढून टाकणारा कोड लिहू नये, कारण ती खूण पहिल्याच वाचनात दिसली तर गूगल पुढची प्रक्रिया करण्याचे टाळू शकते.

वेग मोजताना आपण संकेतस्थळाचे पहिले पान आणि दोन-चार लोकप्रिय पुस्तके उघडतो. ती कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) असतात, म्हणून झटकन येतात. क्रॉलर मात्र एखाद्या विभागाच्या दोनशेव्या पानावर जातो, तिथे गेल्या सहा महिन्यांत कोणी माणूस गेलेला नसतो, आणि प्रत्येक प्रश्न थेट डेटाबेसवर येऊन आदळतो. ‘पहिल्या चार हजार ओळी सोडून पुढच्या वीस द्या’ असे सांगितले की डेटाबेस त्या चार हजार ओळी मोजतच पुढे जातो. त्याऐवजी मागील पानावरच्या शेवटच्या नोंदीच्या पुढून वाचायला सांगावे, क्रमवारीच्या रकान्यांवर डेटाबेसमधला इंडेक्स (झटपट शोधण्याची सूची) बांधावा, आणि एका पानासाठी डेटाबेसला किती वेळा विचारले जाते ते मोजावे. वीस पुस्तकांच्या यादीसाठी लेखकाचे नाव वीस वेळा वेगळे विचारले जाणे हा फार आढळणारा दोष आहे. सर्व्हर मंदावला की गूगलबॉट आपली गती कमी करतो, त्यामुळे हा दोष थेट नव्या पुस्तकांच्या इंडेक्स होण्याच्या आड येतो. ज्या पानात बदल झालेला नाही त्यासाठी ३०४ हा संकेत देण्याची सोय करावी, ती दोन्ही बाजूंचे श्रम वाचवते. वाचकाच्या अनुभवासाठी गूगल तीन मापे वापरते : मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, आणि पानाच्या हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत राहावा. पुस्तकांच्या मुखपृष्ठांच्या चित्रांची लांबी-रुंदी डेटाबेसमध्ये साठवून टॅगमध्ये दिली, तर तिसरे माप बहुतेक वेळा लगेच सुधारते.

दर महिन्याला काय पाहावे

सर्च कन्सोलमधील पानांच्या अहवालात ‘सापडले, पण इंडेक्स केले नाही’ आणि ‘वाचले, पण इंडेक्स केले नाही’ या दोन कारणांमधला फरक नीट समजून घ्यावा. पहिले वाढत असेल तर गूगलला पत्ते कळले आहेत पण तो तिथे गेलेला नाही, म्हणून पत्त्यांची अनावश्यक संख्या आणि सर्व्हरची गती तपासावी. दुसरे वाढत असेल तर तो जाऊन परत आला आहे, म्हणून पानांचा मजकूर आणि त्यांच्यातील सारखेपणा तपासावा.

त्याहून बोलका पुरावा सर्व्हरच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदवहीत) असतो. एका महिन्याच्या लॉगमधून गूगलबॉटच्या भेटी वेगळ्या काढाव्यात. स्वतःला गूगलबॉट म्हणवणारे अनेक असतात, म्हणून आयपी पत्त्याचे उलट डीएनएस काढून (म्हणजे त्या पत्त्यामागचे नाव शोधून) ते गूगलच्याच नावाखाली येते ना आणि ते नाव पुन्हा त्याच आयपीकडे जाते ना, हे ताडून पाहावे. मग त्या भेटी सुरुवातीला कागदावर लिहिलेल्या पानांच्या प्रकारांनुसार मोजाव्यात. बहुसंख्य भेटी कागदावर नसलेल्या प्रकारांवर खर्च होत असतील, तर कोणते पॅरामीटर त्यांना जन्म देत आहेत ते लॉगमध्येच दिसते, आणि पुढच्या महिन्याचे काम तिथूनच सुरू करावे.